औंढ्याच्या भिंतीवरचे थर

हिंगोलीहून औंढा नागनाथ पंचवीसेक किलोमीटर. दोन्ही अंगांना सोयाबीन, मधूनच हळद, आणि पुढे बसक्या टेकड्या. जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ला. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ मात्र यादवकाळातलं.

प्रदक्षिणेत मी भिंतीपाशीच रेंगाळलो. खालचा काळा दगड देवदेवता, सुरसुंदरी, हत्ती यांनी गच्च भरलेला. कितीतरी मूर्तींचे चेहरे फोडलेले. वर शिखराकडे विटा-चुन्याचं पांढरं, पुष्कळ नंतरचं काम. जीर्णोद्धाराचं श्रेय अहल्याबाई होळकरांना देतात. जुन्यावर नवं चढलं, तरी जुनं खालून बोलतंच आहे. इथे मला प्रभाकर कोलत्यांची चित्रं आठवली.

कोलते सिंधुदुर्गातल्या नेरूरपारचे, जन्म १९४६. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९६८ साली पदविका घेतली आणि १९७२ ते १९९४ तिथेच शिकवलं. सुरुवातीच्या कामावर पॉल क्लेचा प्रभाव होता. क्लेही बाउहाउस या जर्मन कलाशाळेतला शिक्षक. पुढे कोलत्यांचा कॅनव्हास स्वतःचा झाला. आधी रंगांचे, आकारांचे थर; मग त्यांवर ऐसपैस पसरलेला एकच रंग; आणि मध्येच उघडा राहिलेला खालचा एखादा तुकडा. तो कशाचाच वाटत नाही, पण नजर पुन्हापुन्हा तिथेच जाते. मराठी अमूर्त चित्रकलेतलं इतकं संयमी काम थोडंच आहे.

औंढ्याला देवळाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. याच देवळात नामदेवांना विसोबा खेचर भेटले, असं परंपरा सांगते. जवळच्याच नर्सीचे नामदेव गुरूच्या शोधात आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. देव नसेल तिथे माझे पाय ठेव, म्हणाले. नामदेवांनी पाय उचलून जिथे ठेवले, तिथे पिंड उमटली. यानंतरही नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही. कीर्तनं चालूच राहिली, आणि त्यांची पदं पुढे गुरू ग्रंथसाहिबात गेली.

आकारापलीकडचं पाहायला कुणीतरी शिकवावं लागतं. कोलत्यांना शंकर पळशीकर भेटले. पळशीकर भंडाऱ्याकडच्या साकोलीचे, जन्म १९१७. १९६८ ते १९७५ जे. जे.चे अधिष्ठाता. स्वतः उत्तम व्यक्तिचित्रं करणारा हा माणूस भारतीय लघुचित्रांत आणि तंत्रपरंपरेत खोल शिरला होता. त्यांच्या हाताखालचे विद्यार्थी एकाच साच्यातले निघाले नाहीत, ही मला त्यांच्या शिकवण्याची सर्वांत मोठी पावती वाटते. कोलत्यांनी तीच शिदोरी बावीस वर्षं वर्गात वाटली.

हिंगोली, परभणी, नांदेडच्या चित्रकला शिक्षकांना एक विनंती. मुलांना औंढ्याला न्याच. मूर्तींची रेखाटनं ती करतीलच. त्याआधी तासभर त्यांना काळा दगड आणि पांढरा चुना जिथे भेटतात ती रेषा नुसती पाहू द्या.