हरणीच्या अंगावरचे केस

तुमच्या घरी जनावरांना पाणी कोण दाखवते? आमच्या पिंपरी पेंढारला तरी हे काम बहुतेक घरांत बायकांकडेच असते. गडीमाणसे शेतात, नाहीतर आळेफाट्याला. म्हणून हे चार शब्द मी मुख्यतः माझ्यासारख्या बादल्या उचलणाऱ्या बायकांसाठी लिहिते आहे. पुरुषमंडळींनी वाचले तरी हरकत नाही.

आमच्याकडे एक घोडी आहे, हरणी. जुन्नर-आंबेगावकडच्या वाचकांना शेतकऱ्याच्या दारात घोडी कशाला, हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. इकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते आणि तिच्या मागे बैल जीव टाकून धावतात. मामंजींनी २००५ साली दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून ती आणली, तेव्हा चार वर्षांची होती. पाच-सहा वर्षे तिने घाट गाजवले. २०११ पासून शर्यतींमागे कायद्याचे झेंगट लागले, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि हरणी दावणीला उभी राहिली. गिऱ्हाइके येऊन गेली. मामंजी म्हणाले, "घरचं माणूस म्हातारं झालं म्हणून कुणी बाजार दाखवतं का?" १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा ती वीस वर्षांची झाली होती. आमच्या घरात सगळे नव्या घोडीच्या गोष्टी बोलू लागले. हरणीकडे कुणी नीट पाहिलेच नाही.

मी पाहत होते, पण मला कळत नव्हते.

आधी तिचे पाणी वाढले. थंडीत ती दिवसाला दोन बादल्या प्यायची. त्या हिवाळ्यात चार झाल्या, कधी पाचवीही मागायची. आमच्याकडे बिबट्याचा धाक असल्यामुळे जनावरे रात्री बंद गोठ्यात असतात. सकाळी दार उघडले की तिच्या पायाखाली नुसता चिखल! राख टाकून टाकून मी कंटाळले. सासूबाई म्हणाल्या, "वय झालं तिचं, आता असंच व्हायचं." मलाही पटले. खरे सांगायचे तर या एका वाक्याने आमची दीड वर्षे खाल्ली.

मग केसांचे झाले. होळी उलटली की खरारा करताना हिवाळी केसांचे पुंजके निघतात, हे घोडे पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाडव्यापर्यंत हरणी तांब्याच्या घागरीसारखी लकाकायची. २०२२ च्या चैत्रात पाठीवरचे केस गेले. पण जबड्याखाली, पोटाखाली आणि पायांच्या मागच्या बाजूला लांब केसांच्या पट्ट्या तशाच राहिल्या. अक्षय्यतृतीया झाली तरी तशाच! वैशाखाच्या उन्हात ती सावलीत उभी राहून घामाने निथळायची. पुढच्या वर्षी तर अंगभर मेंढीसारखे कुरळे केस वाढले. तोवर शेंबड्या पोरालाही दिसले असते. बाई, ओळखायचे होते ते त्या पट्ट्यांवरून, पहिल्याच उन्हाळ्यात.

शरीराची ठेवणही बदलली होती. पाठीवरचे मांस उतरून कणा वर आला, मानेची भरदार कमान गेली, पोट मात्र खाली लोंबू लागले. शेजारच्या आत्याबाईंनी तर विचारले, "गाभण आहे का गं?" विसाव्या वर्षी! आम्ही सगळ्या हसलो. म्हाताऱ्या घोड्याच्या डोळ्यांवर खळगे पडतात. हिचे भरून फुगले होते. मी म्हटले, चेहरा भरलाय, चांगलेच आहे. ती तर रोगाचीच चरबी होती.

दाव्याने घासून झालेली मानेवरची जखम दोन महिने बरी होईना. ती स्वभावाने तिखट, पण आता मान खाली घालून उभी राहायची. या सगळ्याचा आम्ही एकच अर्थ काढला, की म्हातारी खंगली आहे, तिला खायला घाला. रोज भिजवलेले हरभरे, वर गुळाचा खडा, संध्याकाळी मक्याचा भरडा. मामंजी स्वतःच्या हाताने तोबरा बांधायचे.

२०२३ च्या श्रावणात एका सकाळी ती जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. रस्त्यावर आणले तर निखाऱ्यावरून चालल्यासारखी पावले टाकू लागली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी खुरांना हात लावला, ते गरम होते. खुराच्या वरच्या सांध्यामागे बोटे ठेवली, तिथली नाडी ठणठण उडत होती. खुराच्या आत सूज आली होती. तिथे कठीण कवच असल्याने सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून ते दुखणे भयंकर. मग त्यांनी तिच्या केसांकडे पाहिले आणि विचारले, "पाणी किती पिते? केस कधीपासून गळत नाहीत?" मी बादल्यांसकट सगळे सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हांला तर सगळं माहीत आहे!" मामंजी उठून बाहेर गेले.

या रोगाला कुशिंगचा रोग म्हणतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यवैद्याने १९३२ साली माणसांतल्या अशाच आजाराचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची इवलीशी ग्रंथी असते. वय वाढले की काही घोड्यांत तिला आवर घालणाऱ्या मज्जापेशी झिजतात. मग ती मोकाट सुटते, फुगते आणि गरजेपेक्षा जास्त रस रक्तात सोडते. केस, तहान, मांस, जखमा भरणे, सगळे त्यात बिघडते. हा रोग बहुधा पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत दिसतो, तट्टांतही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अशा पुष्कळ घोड्यांना साखर सोसत नाही, आणि तेवढ्याने खूर जातात. आमचा गूळ आणि भरडा कुठे पोचला, ते तुमच्या ध्यानात आले असेल.

लगेच घाबरूनही जाऊ नका. घोडे खंगते ते दात झिजल्यानेही, जंतांनीही, आणि माशीच्या चाव्यातून येणाऱ्या सर्रा रोगानेही. ते आधी तपासून घ्यावे लागते. आमच्या डॉक्टरांनी दातही पाहिले आणि लीदही तपासली. पक्के निदान रक्तावरून होते, पण तो नमुना थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. तो जमेपर्यंत पंधरा दिवस गेले. रोग मुळातून जात नाही. पर्गोलाइड नावाची गोळी जन्मभर रोज द्यायची, एवढाच उपाय. ती गावच्या दुकानात मिळाली नाही, मागवावी लागली, आणि स्वस्तही नाही. खर्चावरून घरात दोन दिवस बोलाचाली झाली, ती काय लपवायची! शेवटी मामंजींनी स्वतःच्या पेन्शनीतून सुरू केली. पहिले काही दिवस हरणीने वैरण सोडली, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा कमी करून हळूहळू वाढवली.

बाकीचे काम आमच्या हातातले. गूळ, भरडा बंद. वाळलेले गवत चालू. पायाखाली वाळूची जाड गादी, आणि दुखणे होते तोवर चालवणे नाही. नालबंद आता दीड महिन्याने येतो. फाल्गुनात धनगरांचा वाडा रानात उतरतो, त्यांच्यातला एक म्हातारा मेंढ्यांच्या कातरीने तिचे केस उतरवून देतो. त्यांच्याही तट्टांत एक पंधरा-सोळा वर्षांचे होते, केस न गळालेले. मी त्याला विचारले, "पाणी जास्त पितं का हो?" तो हसला आणि मग विचारात पडला.

खूर पुरते पहिल्यासारखे झाले नाहीत. कठीण रस्त्यावर हरणी अजून जपून चालते, आणि २०२५ च्या पावसाळ्यात चार दिवस पुन्हा लंगडली. चोवीस वर्षांची झाली आहे. मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने बादल्यांच्या रेघा ओढते, आणि मामंजी रोज सकाळी चष्मा लावून त्या मोजतात. काल दोन रेघा होत्या. तिसरी बादली दाखवली तर तिने नुसते नाक लावले आणि मान फिरवली.