सहल आणि भेट

नोकरी संपलेल्या माणसाला आपण मराठीत ‘सेवानिवृत्त’ म्हणतो. शब्द सोयीचा आहे, रूढही आहे. तरी ख्रिस्ती कानाला तो थोडा खटकायला हवा. नोकरीतून निवृत्त होता येते, सेवेतून कसे होता येईल? राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी घरी येतात, कोळसा खाणीतले ६० व्या वर्षी. आम्हा धर्मगुरूंनीदेखील वयाच्या ७५ व्या वर्षी आपल्या धर्मग्रामाच्या जबाबदारीचा राजीनामा बिशपांकडे सादर करावा, अशी चर्चच्या कायद्याची अपेक्षा आहे. पद सुटते, खुर्ची सुटते, हजेरीपटावरील नाव निघते. परंतु बाप्तिस्म्याने अंगावर आलेली जबाबदारी काही निघत नाही.

मग हाती आलेल्या रिकाम्या दिवसांचे करायचे काय? आपल्याकडील निवृत्त जोडप्यांची दिनचर्या पाहिली तर तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. जमेल तेव्हा सहली, राहून गेलेले छंद आणि मुलाबाळांकडे जाणे-येणे. या तिन्ही गोष्टींकडे आम्ही प्रवचनकार थोड्या उपेक्षेनेच पाहतो. वार्धक्य म्हणजे चांगल्या मरणाची तयारी, एवढेच सांगून आम्ही थांबतो. माझ्या मते या तीन गोष्टींतही बरेच आध्यात्मिक धन दडलेले आहे. आमच्या धर्मग्रामातील एका जोडप्यामुळे हे मला अधिक स्पष्टपणे दिसले.

पती कोळसा खाणीत सर्व्हेअर होते, पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वस्तीत सगळे त्यांना ‘काका’ आणि ‘बाई’ म्हणतात. मीही तसेच म्हणतो. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. निवृत्तीनंतर काकांनी पक्षीनिरीक्षणाचा छंद घेतला. कोणता पक्षी कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावर दिसला, याची नोंद ते एका जाडजूड वहीत करीत. बाईंना गोधड्या शिवण्याचा नाद. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून त्या इतक्या सुबक गोधड्या शिवतात की नातेवाइकांत जन्मलेले प्रत्येक बाळ त्यांच्याच गोधडीत गुंडाळले जाते.

दोघांचा आवडता ऋतू वसंत. चंद्रपूर-गडचिरोलीचा वसंत फार अल्पायुषी असतो. माघ सरता सरता सागाची पाने गळून जंगल उघडे पडते, आणि त्या उघड्या रानात पळस पेटतो, काटेसावर लालबुंद होते. फाल्गुनात कुसुमाला तांबडी पालवी फुटते आणि मोहाच्या फुलांचा गोड, जड वास पहाटेच्या हवेत पसरतो. चैत्रात पारा ४० अंशांवर चढतो, मे महिन्यात तर ४५ अंशही ओलांडतो. त्यामुळे हिंडायचे असेल ते या थोड्या आठवड्यांतच.

आणि नेमका याच दिवसांत आपला उपवासकाळ येतो. आमचा चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा. येथील स्वतंत्र धर्मशासनाची स्थापना १९६२ साली झाली. या परंपरेत कपाळाला राख लागते ती बुधवारी नव्हे, त्याआधीच्या विभूती सोमवारी. इकडे कपाळावर राख आणि तिकडे रानात पळसाचा उत्सव! काकांनी एकदा मला सरळ विचारले, “फादर, उपवासकाळात सहलीला जाणे बरे दिसते का?” मी त्यांना सांगितले की इंग्रजीत उपवासकाळाला जो ‘लेंट’ शब्द आहे, तो मुळात वसंत ऋतूचेच जुने नाव आहे. पाने झडल्याशिवाय फुलायचे नाही, हा पळसाचा नियम आणि उपवासकाळाचा नियम एकच. काका हसले. बाई मात्र म्हणाल्या, “फादर, पळसाला कुणी विचारून फुलवत नाही. आम्ही जातो ते आमच्या आनंदासाठी. त्याला उपवास म्हणू नका.” त्या आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासत आल्या आहेत, माझे वाक्यही त्यांनी तपासले.

त्यांच्या सहली साध्या असत. पहाटेची एस. टी., सोबत पोळी-भाजीचा डबा आणि पाण्याची बाटली. कधी ते मार्कंड्याला जात. वैनगंगा तिथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते आणि तिच्या काठावरच्या प्राचीन देवळांच्या भिंतींवर शिल्पांची गर्दी आहे. कधी चंद्रपुरातच गोंड राजा बीरशहाच्या समाधीपाशी जाऊन बसत. ती समाधी त्याच्या पत्नीने, राणी हिराईने बांधवून घेतली. एका विधवेने आपल्या पतीच्या आठवणीसाठी उभारलेली ती भव्य वास्तू पाहून बाई काकांना म्हणत, “अहो, माझ्याकडून एवढे होणार नाही. मी फार तर एक गोधडी शिवेन.” वर्षातून एकदा दोघे ताडोबाला जात. ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. वाघाशी लढताना मरण पावलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाची कथा या भागातले आदिवासी सांगतात. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव आले, असे म्हणतात. पर्यटक वाघ पाहायला येतो, पण ज्या रानात तो येतो त्या रानाचे नावच वाघाने मारलेल्या माणसाचे आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

काही वर्षांपूर्वी मोहाच्या हंगामात रानालगतच्या एका गावातील स्त्री वाघाच्या हल्ल्यात मरण पावली. मोहाची फुले रात्रीतून गळतात. ढोरे आणि हरणे येण्याआधी ती वेचायची म्हणून बायका अंधारातच टोपली घेऊन निघतात. वाकून फुले वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असे जाणकार सांगतात. ही आपत्ती आमच्या जिल्ह्यांत नवी नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वृत्तपत्रात अशी बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. काका-बाईंना मात्र पान उलटता आले नाही. मरण पावलेली ती स्त्री तिसऱ्या इयत्तेत बाईंची विद्यार्थिनी होती.

दोघे त्या घरी गेले. तेथे काय बोलावे हे त्यांना सुचेना. अंगणात आदल्या दिवशी वेचलेली मोहाची फुले सारवलेल्या जमिनीवर वाळत पडली होती. कुणीतरी ती उचलायला हवी होती, पण त्या फुलांना हात लावायला घरातले कुणी तयार नव्हते. सासूने पाहुण्यांना कोरा चहा दिला. चौथीत शिकणारी मुलगी खांबाला टेकून उभी होती. बाईंनी तिला जवळ बोलावले नाही, उपदेश केला नाही. पदर खोचून त्या अंगणात बसल्या आणि फुले गोळा करू लागल्या. थोड्या वेळाने ती मुलगी येऊन त्यांच्या शेजारी बसली.

परतताना एस. टी.त काका म्हणाले, “ज्या पहाटे आपण डबा घेऊन निघतो, त्याच पहाटे ह्या टोपली घेऊन निघतात.” बाईंनी हे मला सांगितले तेव्हा मला वाटले, या एका वाक्यात माझी अनेक प्रवचने सामावली आहेत. तेच रान, तोच वसंत. एकाला तो विसावा आहे, दुसऱ्याला वर्षाच्या मीठ-मिरचीची तजवीज.

यानंतर त्यांनी सहली सोडल्या असे कृपया समजू नका. सृष्टीचा आनंद घेणे हे पाप नव्हे. निर्मात्याने आपली निर्मिती चांगली आहे असे स्वतःच पाहिले, हे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. फरक पडला तो एवढाच, की सहलीची वाट आता त्या घरावरून जाऊ लागली. काकांनी नुकसानभरपाईची कागदपत्रे जुळवून दिली. आयुष्यभर नकाशे आणि मोजमापे केलेल्या माणसाला ते काम अवघड नव्हते. बाई मुलीचा अभ्यास घेऊ लागल्या. एका हिवाळ्यात त्यांची एक गोधडी त्या घरी पोहोचली. मुलगी त्यांना आधी ‘बाई’ म्हणत असे, आता ‘आजी’ म्हणते.

सहल आणि भेट यांतील अंतर मला येथे दिसले. सहलीत आपण स्थळ पाहतो; भेटीत कुणीतरी आपल्याला पाहते, आपली वाट पाहते. सहल संपते, भेट मात्र पुन्हा येण्याचे वचन मागते. आपल्याच भागात याचे मोठे उदाहरण आहे. आनंदवनातून बाबा आमटे १९७० च्या सुमारास मुलांना घेऊन भामरागडला गेले ते सहलीसाठी. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमाचा तो रम्य परिसर. तिथे त्यांनी माडिया गोंडांची उपासमार आणि आजार पाहिले, आणि १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपला संसारच तेथे मांडला. पुढे १९९० साली, इतरांनी आरामखुर्ची शोधावी अशा वयात, ७५ वर्षांचे बाबा आणि साठी ओलांडलेल्या साधनाताई आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. सर्वांना एवढे जमणार नाही, आणि परमेश्वर सर्वांकडे एवढे मागतही नाही. पण एस. टी.ने जाऊन एका अंगणात बसणे पुष्कळांना जमेल.

पवित्र शास्त्रातील वृद्ध जोडपी आठवून पाहा. अब्राहाम आणि सारा यांच्या तंबूपाशी भर दुपारी तीन अनोळखी पाहुणे आले आणि त्यांच्या रूपाने देवाचे वचन आले. जखऱ्या आणि अलिशिबा यांच्या डोंगराळ गावातील घरी मरिया घाईघाईने गेली. मंदिरात वृद्ध शिमोन आणि हन्ना यांनी एका बाळाला पाहिले आणि त्यांचे दीर्घ वाट पाहणे सार्थकी लागले. परमेश्वराने वृद्धांच्या आयुष्यात प्रवेश केला तो बहुधा भेटीच्या रूपाने. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिन पाळण्यास सुरुवात केली. त्या दिवशी आपण वृद्धांना भेटायला जावे, हे योग्यच. पण वृद्धांनीही कुणाला तरी भेटायला जावे, ही बाजू विसरू नये.

झाडीपट्टीला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटके रंगतात, आणि त्या निमित्ताने लेकी-जावई, मामा-मावश्या, भाचरे सगळी घरी येतात. पाहुणा आला की घर भरले, अशी इथली धारणा. शहरात गेलेल्या आपल्या मुलांच्या वेळापत्रकात मात्र अशा येण्याजाण्याला जागा उरलेली नाही. काका-बाईंची नातवंडे मे महिन्यात येतात, तेव्हा पळस संपलेला असतो, उन्हाने दारे बंद असतात आणि मुले पंख्याखाली बसून असतात. फाल्गुनात या म्हटले तर परीक्षा. म्हणून हे दोघेच आपले पुण्याला आणि नागपूरला जातात.

गेल्या पावसाळ्यात काकांना हृदयविकाराचा झटका आला. मुलगा धावत आला. आता घर विकून पुण्यालाच चला, असा त्याचा आग्रह आहे. आणि त्याचे चुकते असे कुणी म्हणणार नाही. आईवडिलांची काळजी वाहणे ही देवाची आज्ञाच आहे. काकांनी मान्य केले. ईस्टरनंतर ते निघणार आहेत. पक्ष्यांच्या नोंदींची वही त्यांनी त्या मुलीला दिली. ती आता आठवीत आहे.

निरोपाची गोष्ट निघाली तेव्हा बाईंनी मला एकच प्रश्न विचारला : “फादर, तिच्याकडे आता कोण जाईल?”

हा प्रश्न मी रविवारच्या मिस्सात लोकांसमोर जसाच्या तसा ठेवला. आमचा धर्मग्राम लहान आहे. खाणी, रेल्वे आणि रुग्णालये यांच्या निमित्ताने ठिकठिकाणांहून आलेली ही कुटुंबे, प्रत्येकाच्या पाठीशी आपापला व्याप. पहिल्या रविवारी कुणी बोलले नाही. दुसऱ्या रविवारी एक निवृत्त परिचारिका आणि तिचे पती पुढे आले. महिन्यातून एकदा आम्ही जाऊ, म्हणाले. बाई त्यांना घेऊन त्या गावी जाऊन आल्या. नव्या माणसांशी मुलगी फारशी बोलली नाही. तशी तिने बोलावे अशी अपेक्षाही नाही. नाते जुळायला बाईंनाही दोन वसंत लागले होते.

या पानांचे अनेक वाचक निवृत्त आहेत, किंवा व्हायच्या बेतात आहेत. त्यांना माझी नम्र विनंती आहे. सहली अवश्य काढा, छंद जोपासा, नातवंडांना कडेवर घ्या. हे सारे देवाचे दान आहे आणि ते कृतज्ञतेने भोगावे. फक्त सहलीची वाट ठरवताना त्या वाटेवर कुणाचे अंगण लागते, एवढे पाहून ठेवा. तेथे उतरा, चहा घ्या, थोडे बसा. आणि निघताना पुन्हा कधी येणार ते सांगून निघा.