काळ्या काचेआडून

वकिलाचे हात हे फार निरुपयोगी असतात. ते कागद चाळतात, कोटाची बाही सारखी करतात आणि युक्तिवाद रंगात आला म्हणजे हवेत फिरतात. याहून अधिक काम आम्ही आमच्या हातांकडून वीस-बावीस वर्षांत घेतलेले नाही. त्यामुळे आम्ही वेल्डिंग शिकू लागलो आहोत, ही वार्ता ऐकून घरात हशा पिकला, तर त्यात नवल नव्हते.

निमित्त देवळाच्या तळीचे. पायऱ्यांलगतचा लोखंडी कठडा गंजून एका बाजूला निखळला होता. अग्रशाळेमागच्या शेडमध्ये गावच्या तरुणांनी सर्वांसाठी एक वर्कशॉप थाटले आहे. तेव्हा दुरुस्ती आपणच का करू नये, असे आम्ही महाजनांच्या सभेत बोलून गेलो. एरवी बोलण्याचे आम्हांस पैसे मिळतात. येथे बोललेले निस्तरावे लागले.

यंत्र 'मिग' जातीचे. घोडा दाबला की गनमधून बारीक तार पुढे सरकते, तिच्या टोकाशी विजेची कमान पेटते आणि भोवती वायूचे पांघरूण पसरून वितळलेल्या धातूला हवेपासून जपते. १९४८ साली अमेरिकेतील बॅटेल संस्थेत हे तंत्र सिद्ध झाले. पुढे कार्बन डायऑक्साइड हा स्वस्त वायू त्यात वापरात आला, म्हणून आपल्याकडचे कारागीर त्याला नुसते 'सीओटू' म्हणतात.

परंतु पहिल्या दिवशी आम्हांस घोड्याला बोटही लावू दिले नाही. "वकीलबाब, पयलीं दोळे, मागीर हात," एवढे बोलून मेस्त्रींनी आम्हांस परत पाठविले, कारण आमचा सदरा टेरिलीनचा होता. ठिणगी पडली की कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. कापड सुती हवे, पायांत बंद जोडे हवेत, हातमोजे चामड्याचे आणि कोरडे हवेत. वायूचा सिलिंडर साखळीने भिंतीशी उभा बांधलेला हवा. अर्थिंगचा चिमटा गंज घासलेल्या, उघड्या लोखंडावरच बसला पाहिजे. जस्ताचा मुलामा असलेला नळ तसाच जोडू नये. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. पंख्याचा झोत सांध्यावर नको, नाहीतर वायूचे पांघरूण उडते आणि सांध्यात छिद्रे पडतात. पण धूर नाकाशीही साचता कामा नये. आणि काम संपले तरी अर्धा तास तेथेच बसावे, कारण कोपऱ्यातल्या भुशात दडलेली ठिणगी माणसे घरी गेल्यावर जागी होते.

कायद्याची कलमे आम्ही पुष्कळ वाचली आहेत. पण जिच्या एकेका ओळीमागे कोणाचे तरी कातडे भाजलेले आहे, अशी संहिता आम्ही प्रथमच ऐकत होतो.

आठवड्याभराने आमच्या हातून एक सुबक सांधा उतरला. खवल्यांवर खवले बसावेत तशी त्याची सरळ रेघ होती. आम्ही कौतुकाच्या अपेक्षेने पाहिले. मेस्त्रींनी तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि हातोड्याचा एक घाव घातला. सांधा सालीसारखा सुटला. विजेचा दाब कमी ठेवल्यामुळे धातू वर नुसता पसरला होता. खालच्या लोखंडात तो शिरलाच नव्हता. असे युक्तिवाद आम्ही आजवर किती केले असतील, ते आमचे आम्हांस ठाऊक.

खरा धडा मात्र त्यानंतरचा. प्रकाश होताच आपोआप काळी होणारी काच असलेला मुखवटा वर्कशॉपमध्ये एकच आहे, आणि तो त्या दिवशी दुसऱ्याच्या डोक्यावर होता. आमच्या वाट्याला जुना, कायम काळ्या काचेचा आला. तो खाली ओढला की कमान पेटेपर्यंत निव्वळ अंधार. गनचे टोक कोठे आहे ते दिसेना, रेघ सापडेना. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा डाव्या हाताने मुखवटा वर सारून आम्ही वाकून पाहू लागलो. उजवे बोट घोड्यावरच होते. मेस्त्रींनी आमचे मनगट घट्ट धरले.

आणि आम्हांस एक जुना साक्षीदार आठवला.

वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत एका कारखान्यातर्फे आम्ही नुकसानभरपाईच्या दाव्यात उभे होतो. वेल्डिंग करताना तप्त कण उडून अर्जदाराच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली होती. १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात मालकाला एक वाट ठेवलेली होती: मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आलेले नसेल, आणि सुरक्षेसाठी दिलेले साधन कामगाराने जाणूनबुजून दूर सारल्यामुळेच इजा झाली असेल, तर भरपाई देणे लागत नसे. आम्ही विचारले, "मुखवटा दिला होता?" तो म्हणाला, "होय." "तो तुम्ही स्वतःच्या हाताने वर केला?" "होय, पण..." 'पण'च्या पुढचे आम्ही त्याला बोलू दिले नाही. ते कौशल्य समजले जाते. अर्ज नामंजूर झाला.

त्या 'पण'च्या पुढे काय होते, ते आम्हांस वीस वर्षांनी अग्रशाळेमागच्या शेडमध्ये कळले. पुढे अंधार होता; दुसरे काही नव्हते.

त्या संध्याकाळी ठिणगीची राखण करीत बसलो असता आम्ही हे सारे मेस्त्रींना सांगितले. ते बराच वेळ भुशाकडे पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, "ताका कोणें शिकयिल्लें?"

त्याला शिकविले कोणी, हा प्रश्न त्या सबंध उलटतपासणीत आम्ही विचारला नव्हता. विचारता तर आमच्या पक्षकाराला अडचण होती. त्याच्या वकिलालाही तो सुचला नाही.

कठडा आता उभा आहे. त्याचे महत्त्वाचे सांधे मेस्त्रींचे. आमचे दोनच, तेही हातोड्याखालून पार पडलेले. कार्तिकात तळीवर दिवे लागले तेव्हा एक वृद्ध बाई त्या कठड्याला धरून पायऱ्या उतरत होत्या. त्यांचा हात आमच्या सांध्यापाशी आला तेव्हा आमचा श्वास क्षणभर थांबला. न्यायालयात निकालाच्या वेळी आमचे असे कधी झाले नव्हते.