आधी माती विचारा, मग पंप

ठिबक बसवलं की पाणी वाचलंच, असं मानणारे शेतकरी आमच्या कृष्णाकाठी पुष्कळ आहेत. नळ्या नव्या, फिल्टर नवा, पण वीज आली की पंप सुरू आणि वीज जाईपर्यंत सुरूच. नळी पाणी मुळाशी नेऊन सोडते, तिचं काम तिथं संपतं. ते पाणी धरून ठेवणं मातीच्या हाती आणि किती सोडायचं ते आपल्या.

हिशेब अवघड नाही. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 4,000 लिटर. भर उन्हाळ्यात वाढीला लागलेल्या उसाला दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी पुरतं. पाच फुटी सरी, 40 सेंटिमीटरवर ताशी 4 लिटरचे ड्रीपर, अशी मांडणी असेल तर तेवढं पाणी तासाभरात पडतं. पंप रोज आठ तास चालला तर एकरी दोन लाख लिटरवर पाणी जातं. पिकाला त्यातलं थोडंच लागतं, बाकीचं खतासकट मुळांच्या खाली उतरतं.

ते नुसतं वाया जात नाही, जमीनही घेऊन जातं. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांतल्या चोपण जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. काळ्या भारी मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. वर्षानुवर्षं जास्त पाणी दिलं की खालची पातळी वर येते, क्षार घेऊन येते. पाणी उन्हानं उडतं, क्षार मागं राहतात. आधी उगवण विरळ होते, मग ऊस खुरटतो आणि शेवटी रान पांढरं पडतं. पैसे मोजून आणलेलं पाणी बाहेर काढायला आता लोक जमिनीत सच्छिद्र पाइप पुरतात. पाणी राखणं म्हणजे जमीन राखणं, हे या भागानं फार मोठी किंमत देऊन शिकवलं आहे.

मातीची तयारी पाचटापासून सुरू होते. तोडणीनंतर एकरी तीन-चार टन पाचट रानात पडतं. काडी लावली की त्यातलं सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातं. आम्ही बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट सरीत दाबतो, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, ते वरून दिलं नाही तर ते मातीतलं ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. सावलीमुळं ओल उडत नाही, गांडुळं वर येतात, त्यांच्या बिळांतून पाणी आणि हवा दोन्ही आत जातात.

फरक पाहायचा असेल तर दोन ढेकळं घ्या. एक पाचट जाळणाऱ्या रानातलं, एक पाचट ठेवणाऱ्या रानातलं. दोन्ही वाळवून काचेच्या ग्लासात पाण्यात अलगद सोडा. पहिलं बघता बघता विरघळून गाळ होतं. दुसरं आकार धरून राहतं, कारण त्याचे कण सेंद्रिय डिंकानं चिकटलेले असतात. पहिल्या रानात पाण्यानंतर पापडी धरते आणि पुढचं पाणी आत शिरत नाही. दुसरं तेवढंच पाणी पिऊन जास्त दिवस साठवतं.

पाणी द्यायची वेळ वाफसा ठरवतो. ड्रीपरपासून थोडं बाजूला खुरप्यानं वीतभर उकरावं, मूठभर माती दाबावी. गोळा होऊन हाताला चिखल लागला तर पंपाकडे जायचं नाही. गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबताच फुटला तर वाफसा आहे, मुळं खातायत आणि श्वासही घेतायत. गोळाच होत नसेल तर पाणी द्या. टेन्शिओमीटर हेच आकड्यात सांगतो. ज्याला परवडतो त्यानं जरूर लावावा, पण हाताची ही तपासणी सोडू नये.

ठिबक अनुदानातून येतं, दोन दिवसांत बसतं. मातीला मात्र तीन-चार खोडवे द्यावे लागतात आणि तिच्यासाठी कुणी अर्ज भरून घेत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, यंदा पाचट पेटवू नका. आणि पंपाचं बटण दाबायच्या आधी खुरपं उचला.