मधला सूर

मिरजेच्या आमच्या घरात खुंटीला एक सारंगी टांगलेली असे. हिरव्या कापडात गुंडाळलेली, दादांची. तिच्याखाली चटई टाकून आम्ही तिघं भावंडं अभ्यास करत मोठी झालो. संध्याकाळी दादा ती उतरवत, मांडीशी धरत आणि म्हणत, "बैठो रे, एक सुर तो निकालो." आम्ही बसलो नाही. शाळेत पोरं 'सारंगीवाल्याची नातवंडं' म्हणून हसत. सारंगी म्हणजे कोठीवरचं वाद्य, गाणाऱ्याच्या मागं बसायचं वाद्य, हे त्या वयातच आमच्या मनावर ठसलं होतं. दादांनी दोन-तीनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. अब्बाही काही बोलले नाहीत. पोरं शिकावीत, इज्जतीनं नोकरी करावीत, एवढंच त्यांना हवं होतं. ते झालं. दादा गेले, सारंगी खुंटीवर राहिली.

आमच्यातल्या धाकटीची मुलगी पुण्यात व्हायोलिन शिकते. मध्यंतरी ती व्हायोलाकडं वळली. "हे काय नवीन?" आम्ही विचारलं. ती म्हणाली, "मामू, व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाज खालचा. ऑर्केस्ट्रात मधला सूर धरतो. वाजतो सगळ्यात, पण कुणाचं लक्ष जात नाही." ती हसत सांगत होती. आम्हांला मात्र दादा आठवले.

तिच्याच तोंडून आम्ही लायोनेल टर्टिस हे नाव ऐकलं, आणि मग मिळेल ते वाचत गेलो.

टर्टिसचा जन्म 29 डिसेंबर 1876 रोजी इंग्लंडमधल्या वेस्ट हार्टलपूलचा. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गात. लहानपण लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात, गरीब निर्वासितांच्या वस्तीत गेलं. मुलगा आधी पियानो शिकला आणि तेराव्या वर्षी पियानो वाजवून पोट भरायला घराबाहेर पडला. पुढं व्हायोलिन आलं. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये असताना एका सहाध्यायाला चौघांच्या मेळासाठी व्हायोलावाला हवा होता. टर्टिसनं वाद्य हाती घेतलं ते कायमचं. त्या काळी जे व्हायोलिनमध्ये मागं पडत त्यांनी व्हायोला धरावा, अशी रीत होती. एकट्यानं वाजवण्याजोग्या रचना जवळपास नव्हत्याच. शिकवणारा मनासारखा मिळेना, म्हणून तो बराचसा स्वतःच शिकला. पुढं त्याच अकॅडमीत तो व्हायोलाचा शिक्षक झाला. रेबेका क्लार्क, एरिक कोट्स ही त्याच्या हाताखालून गेलेली नावं.

रचना नाहीत म्हणून तो रडत बसला नाही. संगीतकारांच्या मागं लागून त्यानं त्या लिहवून घेतल्या. बॅक्स, बोवेन, वॉन विल्यम्स यांनी त्याच्यासाठी लिहिलं. एल्गारचा चेलोसाठीचा कन्चेर्टो त्यानं व्हायोलासाठी बसवला आणि तो 1930 साली खुद्द एल्गारच्या संचालनाखाली वाजवला. वाद्याचाही त्यानं विचार केला. व्हायोलाचे सूर व्हायोलिनच्या पाच स्वर खाली. त्या हिशेबानं पेटी दीडपट मोठी हवी, पण तेवढं वाद्य हनुवटीखाली धरता येणार नाही. आर्थर रिचर्डसन या कारागिराला सोबत घेऊन त्यानं पावणेसतरा इंचांचा नमुना तयार केला. आवाज भरदार आणि हाताला झेपेल असा. हाताच्या दुखण्यानं 1937 साली त्यानं निवृत्ती जाहीर केली, तरी पुढं पुन्हा वाजवलं. 1975 साली तो गेला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षांचा होता.

पण आम्ही थबकलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. तरुण विल्यम वॉल्टननं त्याच्यासाठी व्हायोला कन्चेर्टो लिहिला. टर्टिसला तो फार नव्या धाटणीचा वाटला. त्यानं उलट टपाली परत पाठवला. 3 ऑक्टोबर 1929 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये तो हिंडेमिथनं वाजवला. टर्टिस श्रोत्यांत बसला होता. आपण काय नाकारलं ते त्याला तिथं कळलं. आयुष्यभर ज्या वाद्यासाठी तो भांडला, त्याचीच एक मोठी रचना त्यानं दारातून परत लावली होती. पुढं त्यानं ती शिकून घेतली, अनेकदा वाजवली, आणि आपली चूक आत्मचरित्रात स्वतःच्या हातानं लिहून ठेवली.

आम्हीही नाकारलंच होतं. फरक एवढाच की, त्याची चूक वर्षभरात सुधारली. आमचा शिकवणारा उरला नाही. आमच्याच देशात पंडित रामनारायण यांनी 1956 पासून सारंगी एकल वाजवून तिला मैफलीत पुढं आणून बसवलं. ते आम्ही रेडिओवर ऐकत होतो आणि वर खुंटीकडं बघत नव्हतो. सारंगीला कमी दर्जा दिला तो लोकांनी, असं आम्ही म्हणत आलो. खरं म्हणजे तो आम्हीही दिला.

टर्टिस वाढला त्याच भागात, ब्रिक लेनवर, एक जुनी इमारत आहे. 1743 साली फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांनी ती चर्च म्हणून बांधली. 1898 मध्ये तिथं सिनेगॉग झालं. 1976 पासून ती मशीद आहे. भिंती त्याच, उपासना करणारे बदलत गेले. परक्या ठिकाणी येऊन राहणारी माणसं काय टाकून देतात आणि काय जपतात, याचा विचार आम्ही ती माहिती वाचून बराच वेळ करत होतो. आम्ही तर परक्या ठिकाणीही नव्हतो. स्वतःच्याच घरात होतो.

गेल्या उरसाला आम्ही तिघं मिरजेत जमलो आणि सारंगी खाली उतरवली. कातडं फाटलं होतं, तरफेच्या तारा गंजल्या होत्या. तंतुवाद्यांच्या कारागिराकडं नेली. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली, बोटानं लाकूड वाजवलं आणि म्हणाला, "लाकूड जिवंत आहे. एवढी वर्षं काय करत होता?"

आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही.

आता ती दुरुस्त होऊन आली आहे. भाचीनं गज धरून पाहिला. व्हायोलाचा गज वेगळा, हा वेगळा. इथं तारेवर बोटाचं टोक नाही, नखाची कड लागते. नुसता खरखराट निघाला. "याला उस्ताद लागेल मामू," ती म्हणाली. आम्ही उस्ताद शोधतो आहोत. तिच्यासाठी तर हवाच, पण तिच्या शेजारी चटईवर आम्हीही बसणार आहोत. या वयात हात वळणार नाही, ठाऊक आहे. दादांनी तरी एकच सूर मागितला होता.