मोटारीचें नाक

मोटारीचें कौतुक करणारा मनुष्य बहुधा तिच्या दर्शनी अवयवांचेंच कौतुक करतो. कोणाला तिचे दिवे मृगनयनेच्या डोळ्यांसारखे वाटतात, कोणाला तिच्या रंगाची भूल पडते, तर कोणी तिच्या चकचकीत चाकांकडे टक लावून बसतो. परंतु मोटारीला नाकहि असतें, आणि तिचा सारा पराक्रम त्या नाकावर अवलंबून असतो, हें ध्यानांत घेणारा रसिक विरळाच. पेट्रोल हें मोटारीचें अन्न खरें. पण अन्नापेक्षां तिला वारा किती तरी अधिक लागतो. एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास जवळजवळ पंधरा किलो हवा खर्चीं पडते. मापानें सांगावयाचें तर एका लिटर पेट्रोलमागें सुमारें नऊ हजार लिटर हवा! पेट्रोलचा भाव रुपयानें चढला कीं आपण दिवाणखान्यांत बसून साऱ्या जगाच्या राजकारणाचा पंचनामा करतों. हवेचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाहीं. ती फुकट मिळते ना!

मला हा हिशेब ठेवावा लागला तो माझ्या भाच्यामुळें. माझी बहीण आजऱ्यास दिली आहे, आणि उन्हाळ्याच्या सुटींत चार दिवस तिच्याकडे जाण्याचा माझा नेम आहे. आंबोलीच्या डोंगरांत उगम पावून गांवाजवळून वाहणारी हिरण्यकेशी, रामतीर्थाचे पाण्यानें झिजलेले खडक, आणि ताटांत वाढतांच ज्याचा सुवास ओटीपर्यंत जातो तो घनसाळ तांदळाचा भात, एवढीं आमिषें असतां मुंबई-पुण्याकडे कोण फिरकेल? पण या खेपेस भाताच्या सुवासांत इंजिनच्या तेलाचा वास मिसळला होता. परसांतल्या फणसाखालीं एक जुनी होंडा सिटी उघडें तोंड करून उभी होती, आणि तिच्या जबड्यांत कंबरेपर्यंत शिरलेले भाचेबुवा केवळ पायांवरून ओळखूं येत होते.

हा मुलगा बावीस वर्षांचा. यंत्रशास्त्राची पदविका घेऊन गडहिंग्लजला एका गॅरेजांत काम करतो. कोल्हापूरकडे मोहिते रेसिंग अकादमीच्या मार्गावर कार्टिंगच्या शर्यती त्यानें पाहिल्या, तेव्हांपासून त्याच्या डोक्यांत वेगाचें वारें शिरलें. साठविलेल्या पैशांतून ही पंधराशे सी. सी.ची गाडी त्यानें जुन्या बाजारांतून घेतली. दाजींना, म्हणजे त्याच्या वडिलांना, हें मुळींच पसंत नाहीं. मुलानें सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसावें असा त्यांचा आग्रह. पहिल्याच रात्रीं त्यांनीं मला अंगणांत गांठून सांगितलें, “पाव्हणं, तुमचं ऐकतोय तो. हा नाद सुटंल असं कायतरी बोला.” तेव्हां मी भाच्याच्या मोटारीकडे पाहूं लागलों तो निव्वळ कुतूहलानें नव्हे. हा पोरकट नाद आहे कीं विद्या आहे, याचा निवाडा मला करावयाचा होता.

त्याचा उद्योग असा होता. इंजिन म्हणजे मूळांत एक भाता. पंधराशे सी. सी.चें इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेऊं लागलें, तर हिशेबानें तें साडेचार हजार लिटर हवा ओढतें. तुम्हीं-आम्हीं स्वस्थ बसून मिनिटाला सहा-आठ लिटर श्वास घेतों. आतां, भात्याचें आकारमान ठरलेलें. त्यांत मावणारी हवा थंड असेल तर ती दाट असते, म्हणजे तितक्याच जागेंत प्राणवायु अधिक येतो, अधिक पेट्रोल जळतें आणि जोर वाढतो. हवा तापली कीं ती विरळ होते. जाक शार्ल या फ्रेंच पंडितानें १७८७ च्या सुमारास हा नियम शोधला आणि गे-ल्यूसाक यानें १८०२ मध्यें तो प्रसिद्ध केला. मोटारीच्या भाषेंत त्याचा अर्थ इतकाच कीं, हवा दहा अंशांनीं थंड मिळाली तर ती शेंकडा तीनांनीं दाट मिळते. म्हणून वेगाचे भोक्ते गाडीचें मूळचें नाक काढून तेथें थंड वारा घेणारी नळी बसवितात. अशीं तयार नाकें बाजारांत मिळतात, आणि त्यांच्या किंमती ऐकून आपलाच श्वास कोंडतो. भाच्यानें तें नाक घरींच घडविण्याचें योजिलें होतें.

त्याचा पहिला अवतार मी पोहोंचण्यापूर्वींच सिद्ध झाला होता. मूळची काळी पेटी काढून टाकून इंजिनशेजारींच एक शंकूच्या आकाराची उघडी जाळी त्यानें बसविली होती. संध्याकाळीं मित्रमंडळी जमली, आणि भाच्यानें इंजिनला डिवचलें. काय तो आवाज! फणसावरचे कावळे उडाले, गोठ्यांतल्या म्हशीनें दावें ताणलें. “मामा, ऐका कसं गुरगुरतंय!” भाच्याचा चेहरा उजळला होता. गाडी पूर्वीपेक्षां फार जोरांत पळते, याविषयीं मित्रांत एकमत होतें. मीं एकच प्रश्न विचारला, “या नाकाला हवा मिळते ती कुठली?” तो म्हणाला, “समोरची.” मी म्हणालों, “मोजलीस?”

तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशीं कामावरून परततांना त्यानें लांब तारेच्या टोकाला संवेदक असलेला एक स्वस्तांतला तापमापक आणला. नंतरचे तीन दिवस दुपारच्या एकाच वेळीं, एकाच रस्त्यानें, आजऱ्याहून गवसेपर्यंत आमच्या फेऱ्या झाल्या. एकदां नवें नाक लावून, एकदां मूळची पेटी पुन्हा बसवून. मी शेजारीं बसून आंकडे वहींत टिपीत होतों. बाहेरची हवा तेहतीस अंश. मूळच्या पेटींतून जाणारी हवा चाळीस अंश. नव्या नाकानें ओढलेली हवा मोकळ्या रस्त्यावर एकोणपन्नास अंश, आणि बाजारपेठेंतून मुंगीच्या पावलांनीं आल्यावर त्रेसष्ट! शार्लच्या नियमानें पाहिलें तर त्रेसष्ट अंशांची हवा चाळीस अंशांच्या हवेपेक्षां शेंकडा सातांनीं विरळ. इंजिनशेजारीं बसविलेलें तें रुबाबदार नाक चुलीच्या तोंडाशीं बसून श्वास घेत होतें.

संध्याकाळीं नेहमींची मंडळी आली. आतां हा काय करतो याकडे माझें लक्ष होतें. पैसे गेले होते, बढाई मारून झाली होती, आणि माझ्याखेरीज कोणालाच त्या वहींतले आंकडे ठाऊक नव्हते. भाच्यानें वही मित्रांपुढें ठेवली आणि म्हणाला, “आवाज वाढलाय, ताकद कमी झालीय. उद्या काढणार हे.”

हें वाक्य मला फार मोलाचें वाटलें. अठ्ठावीस वर्षें मी महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत आहें. प्रयोगशाळेंत उत्तर आधीं पाहून घेऊन निरीक्षणें मागाहून जुळविणारे विद्यार्थी मीं इतके पाहिले आहेत कीं, एखाद्याच्या वहींत उत्तर थोडें चुकलेलें दिसलें तर मला आनंद होतो. यानें खरोखर मोजलें असावें अशी आशा वाटते. परक्याच्या सिद्धान्ताविरुद्ध साक्ष देणें सोपें आहे. आपल्या हातांनीं घडविलेल्या, चारचौघांत मिरविलेल्या वस्तूविरुद्ध आपणच साक्ष देणें हें भल्याभल्यांना साधत नाहीं. आणि कान तर सदैव खोटी साक्ष देण्यास तयार! मूळच्या त्या काळ्या पेटीचें एक काम हवा गाळण्याचें, आणि दुसरें काम हवेचा हा घोष शांत करण्याचें. पेटी काढतांच जो आवाज सुटतो, तो पूर्वींहि होताच. तो नव्या शक्तीचा नसतो.

दुसऱ्या अवताराला आठ दिवस लागले. या वेळीं भाच्यानें आधीं मूळच्या पेटीचा नीट अभ्यास केला, आणि ज्यांनीं ती घडविली ते मूर्ख नव्हते हें त्याला दिसून आलें. तिचें तोंड थंड जागींच होतें. फक्त वाट अरुंद आणि वळणावळणाची होती. शेताला पाणी देण्यासाठीं आणलेल्या पी. व्ही. सी.च्या तीन इंची नळीचा एक तुकडा घरांत पडला होता, तो त्यानें कामीं लावला. बहीण म्हणाली, “पाण्याची नळी वाऱ्याला जुंपली, आता पाणी काय फुंकून द्यायचं उसाला?” पी. व्ही. सी. ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडूं लागतें, म्हणून नळी धुराड्यापासून दूर नेली. वळणें सौम्य ठेवलीं. गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून जाळीभोंवतीं भिंत उभी केली, आणि बॉनेट मिटतांच भिंतीची वरची फट बुजावी म्हणून मोडक्या फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी तिच्या कांठावर बसविली. सांध्यांवर रबर चढवून तारेच्या पट्ट्या आंवळल्या. आजऱ्याची तांबडी धूळ प्रसिद्ध आहे. जाळीच्या पुढें कोठें बारीकशी फट राहिली तर ती धूळ थेट सिलिंडरांत जाऊन त्याच्या भिंती खरवडून काढते. म्हणून एकेक सांधा त्यानें साबणाचा फेस लावून तपासला. अमेरिकेंत ओल्ड्समोबाइल कंपनीनें १९६६ मध्यें आपल्या ४४२ गाडीच्या डब्ल्यू-३० या प्रकारांत पुढच्या बंपरापासून इंजिनपर्यंत अशाच नळ्या नेल्या होत्या. तें ऐकून भाचा खूष झाला, आणि आपल्याहि नळीचें तोंड बंपरांत अगदीं खालीं न्यावें असें त्यानें ठरविलें. तेथली हवा सर्वांत गार.

येथें मात्र त्याला दुसरें कोणी नव्हे, आजऱ्यानेंच शिकविलें. जेथून आमची हिरण्यकेशी येते त्या आंबोलीस वर्षाला सरासरीनें सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून-जुलैंत नदीवरचे बंधारे पाण्याखालीं जातात, आणि रस्त्यावर कोठें गुडघाभर पाणी लागेल याचा नेम नसतो. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. खालच्या नाकानें पाण्याचा घोट घेतला कीं दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो, त्याचा पोलादी दांडा वांकतो, आणि इंजिन जागच्या जागीं प्राण सोडतें. भाचा एक संपूर्ण सकाळ बंपरापुढें उकिडवा बसून होता. मग त्यानें नळीचें तोंड वर, दिव्याच्या मागच्या पोकळींत आणलें. दोन अंश गेले, गाडी वांचली. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलमहि मीं त्याला वाचावयास दिलें. कारखान्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपांत मन मानेल तसा फेरफार करण्यास त्यानें बंदी आहे. तें वाचून त्यानें मूळची पेटी नीट पुसून माळ्यावर ठेवली, आणि गाडी परसाबाहेर काढण्यापूर्वीं हा बदल चालतो कीं नाहीं हें विचारावयाचें कबूल केलें.

आमच्या कोल्हापूरकडे घरीं घडविण्याची परंपरा जुनी आहे. बाबूराव पेंटरांनीं १९१८ च्या सुमारास चलच्चित्रांचा कॅमेरा कोल्हापुरांतच घडविला, आणि त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्यें पडद्यावर झळकला. या गोष्टीचें आपण नेहमीं अभिमानानें वर्णन करतों. परंतु असा कॅमेरा घडविणाऱ्याला किती वेळां चित्रफीत धुवून पाहावी लागत असेल, आणि तिच्यावर कांहींच उमटलेलें नाहीं असें किती वेळां स्वतःशीं कबूल करावें लागत असेल, याचा विचार कोणी करीत नाहीं. हाताचें कसब पुष्कळांच्या अंगीं असतें. त्या कसबाला मोजमापाची धाक बसली म्हणजे त्याची विद्या होते.

दुसऱ्या नाकाची परीक्षा त्याच वेळीं झाली. फक्त ती परसांतच घ्यावयाची असल्यानें आम्हीं मूळची पेटीहि तशाच रीतीनें, गाडी उभी करून, पुन्हा मोजली. चार अंशांचा फरक पडला. म्हणजे हवा दाट झाली ती शेंकडा सव्वानें, फार तर दीडानें! एवढ्या खटाटोपाचें एवढेंच फळ! तयार नाकें विकणाऱ्यांच्या जाहिरातींत घोड्यांच्या झुंडी उधळतात. आमच्या पदरीं एक-दीड घोडा पडला असेल. भाच्यानें तो आंकडा वहींत लिहिला, त्याखालीं रेघ मारली, आणि कसलीहि सबब न सांगतां वही मिटली.

निघण्याच्या आदल्या रात्रीं दाजींनीं पुन्हा विषय काढला. मी म्हणालों, “परीक्षेला बसायचं तर बसू दे, नसेल तर नको. पण हा मुलगा स्वतःला फसवत नाही. असा मनुष्य कुठंही उपाशी राहत नाही.” दाजी कांहीं बोलले नाहींत. सुपारी कातरीत बसले.

दिवाळींत गेलों तेव्हां गाडी फणसाखालीं नव्हती; ती रस्त्याच्या कडेला, मूळची पेटी लावून, मुकाट उभी होती. परवानगीचा कागद अजून आला नव्हता. भाचाहि घरीं नव्हता. बहिणीनें सांगितलें कीं, बापलेक ओढ्याकडे गेले आहेत. मी चालत तिकडे गेलों. पाणी उपसणारें डिझेलचें इंजिन पत्र्याच्या बंद खोपटांत कोंडलेलें होतें, आणि उन्हें चढलीं कीं तें दमतें अशी दाजींची नेहमींची तक्रार. भाच्यानें खोपटाच्या सावलीकडच्या अंगाला खडूनें एक चौकोन आंखला होता, दाजी पत्रा घट्ट धरून उभे होते, आणि भाचा करवत लावण्यापूर्वीं तापमापकाची तार आंत सोडीत होता.

“आधी आकडा सांग,” दाजी म्हणाले, “मग काप.”