गंजी आणि सुडी

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१मध्ये जिव्हेर्नीच्या शेतातल्या गव्हाच्या गंज्या पुन्हा पुन्हा रंगवल्या. पंचवीसच्या आसपास चित्रे. गंजी तीच, ऊन वेगळे. वलगावच्या आमच्या उर्दू वर्गात त्यांतले एक छापील चित्र दाखवून आम्ही प्रकाशाची थोरवी सांगत होतो. पंधरा दिवसांनी शाळेत आलेली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, काटनेवाली किधर गई?’’

चित्रात खरेच कोणी नव्हते. ही मुलगी अम्मीबरोबर सोयाबीन सोंगायला जात होती आणि हजेरीपटावर आम्ही तिच्या नावापुढे लाल शाईने गैरहजेरी मांडत होतो.

तिने वहीत सोयाबीनची सुडी काढली. शेजारी वाकलेली अम्मी, हातात विळा. ऊन रंगवायचे राहिले. आम्ही पूर्ण गुण दिले. हजेरीपटावरच्या लाल खुणा मात्र खोडता आल्या नाहीत.